सोन्याचा पाय थेरपीला जातो

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी माझ्या नावाने खडे फोडायला नकोत. मला आमचा जावई पक्का चिक्कू वाटला होता. अगदी चिमटीतून साखर निसटली तर मुंगीच्या मागे धावेल असा. हसा, हसा! मीच इथे एकटी हसतेय, तर तुम्ही कशाला तोंड बांधून बसता?

जावई म्हणजे माझ्या बहिणीच्या मुलीचा नवरा. तिची मी मावशी, म्हणून त्याची मावशी, आणि हळूहळू सगळ्या इमारतीची मावशी. ती दोघं आमच्या इमारतीत राहायला आली तोवर मी त्याला धड ओळखतही नव्हते. भाची चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासते. आणि हा? हा मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवतो. आता मला सांगा, गाडी शिकवणारा माणूस पायी का फिरेल? भाजीला पायी, दवाखान्यात पायी. कुणाकडे जेवायला बोलावलं तर भाची टॅक्सीतून मस्त तयार होऊन उतरायची आणि हा मागून घामाघूम होऊन यायचा, जेवण वाढून झाल्यावर.

"काय जावईबापू," मी म्हणायचे, "पेट्रोल वाचवून माडी चढवणार वाटतं?"

"चालणं बरं असतं, मावशी."

"बरं असतं, पण घोडेवाल्याने पायी का फिरावं म्हणते मी!"

तो नुसता हसायचा. स्वभावाने गरीब. स्कूलमध्ये मात्र त्याला मोठा मान होता. मालक येणाऱ्या प्रत्येक नव्या शिकाऊसमोर याच्या खांद्यावर हात ठेवून सांगायचा, "हा आमचा सोन्याचा पाय!" त्याची गोष्ट सगळ्यांना पाठ होती. आदल्या वर्षी एक शिकाऊ गाडी मागे घेत होता. मागे एक बाळाची गाडी होती, आत बाळ, आणि त्याची आई चपलेचा पट्टा लावायला खाली वाकलेली. शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक जादा ब्रेक असतो. तो याने करकचून दाबला. बंपर त्या बाळाच्या गाडीच्या टपाला टेकला आणि थांबला. बाळ झोपेतून उठलंसुद्धा नाही. तेव्हापासून हा सोन्याचा पाय.

आता माझ्याकडे येते. माझ्याकडे म्हणजे माझ्या गाडीकडे. हे गेल्यापासून यांची गाडी खाली कापड पांघरून उभी होती. मला चालवता येत नाही. मेकॅनिक म्हणाला, अधूनमधून फिरवली नाही तर बॅटरी बसेल. मी म्हटलं, घरात ड्रायव्हिंगचा मास्तर असताना मी बॅटरीची काळजी करू? पण मास्तर सापडेल तर शपथ! आज पाठ दुखतेय, उद्या चष्मा बदलायचाय, परवा शिकाऊ जास्त आहेत. शेवटी एका दुपारी मी त्याला जिन्यातच गाठलं आणि किल्ली हातात कोंबली.

"नुसती चालू कर आणि कोपऱ्यापर्यंत नेऊन आण. आणि घाबरू नकोस, पेट्रोल माझं आहे!"

तो गेला आणि शेजारच्या सीटचं दार उघडून बसला.

"अरे, तिकडे कुठे? चालवायचंय कुणी, मी?"

कसनुसा हसला. उतरला, वळसा घालून चालकाच्या बाजूला आला. पट्टा लावला. आरसा सारखा केला. पुन्हा केला. पुन्हा केला. किल्ली आत घातली आणि हात तिथेच राहिला. मी वाट बघतेय. त्याच्या ओठावर घामाचे थेंब आले.

"बॅटरी उतरली असेल, मावशी."

"तू किल्ली फिरवलीच नाहीस, बाळा."

मग तो स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसला. आणि मी, जिच्या तोंडात तीळ भिजत नाही अशी मी, गप्प बसले. सांगते कशाला, माझी मलाच भीती वाटली.

वर्षभर त्याने गाडी चालवली नव्हती. हात लावला की छाती धडधडायची, बोटं बधिर व्हायची. टॅक्सीतही बसवायचं नाही, तिथे पायाशी ब्रेक नसतो ना. "मग नोकरी कशी करतोस?" मी विचारलं. तेव्हा जी युक्ती बाहेर पडली, ती ऐकून मी कपाळाला हात लावला. याच्या धंद्यात गाडी नेहमी दुसराच चालवतो ना! सकाळचा पहिला शिकाऊ स्कूलच्या आवारात यायचा. तो गाडी दुसऱ्याच्या घरी न्यायचा. दुसरा चालवायला बसला की पहिला मागच्या सीटवर, आणि दुसरा त्याला त्याच्या दारात सोडणार. असं करत करत शेवटचा शिकाऊ गाडी आवारात आणून लावायचा आणि हा पायी घरी. कुणाला संशयसुद्धा आला नाही. उलट मालक इतका खूश झाला, की त्याने पाटीवर रंगवून घेतलं: "आमची खास पद्धत! मागे बसून पाहा, पुढे बसून शिका!"

"पण झालं तरी काय?"

"काहीच नाही झालं. तेच तर! वेळेत ब्रेक लागला. बाळाला खरचटलंही नाही."

"मग घाबरलास कशाला?"

"मला कळलं असतं तर मी घाबरलो असतो का?" तो म्हणाला. मग हळूच म्हणाला, "मावशी, माझा शिकवण्याचा परवाना संपत आलाय. नवा करायला तपासणीसासमोर एकट्याने गाडी चालवून दाखवावी लागते. तिथे मागच्या सीटवरचा शिकाऊ कामाचा नाही. आणि मला दुसरं काही येत नाही."

"बायकोला माहीत आहे?"

मान हलवली. नाही.

"मग आज सांग. मी सांगण्याआधी तू सांग, आणि मी किती दम धरेन ते तुला ठाऊक आहे."

त्याने सांगितलं. भाची रडली की चिडली ते ऐकायला मी नव्हते, भिंत जाड आहे. पण दुसऱ्या दिवशी ती माझ्या ओट्याला टेकून म्हणाली, "मावशी, मला वर्षभर वाटत होतं की त्याला माझ्याबरोबर टॅक्सीत बसायचीच लाज वाटते. वेडा!" आणि तिने थेरपिस्ट शोधायला घेतला.

हा तयार होईना. माझ्याच स्वयंपाकघरात दोघांची जुंपली.

"मी काय वेडा आहे?"

"वेडा नाहीस, घाबरलेला आहेस."

"आणि सांगू काय तिथे? बाळ झोपलेलं होतं, ते झोपूनच राहिलं? लोकांची घरं बुडतात, माणसं जातात. ते मला हसतील!"

"माझ्या दुकानात थोडंसं धूसर दिसतंय म्हणून माणूस येतो," भाची म्हणाली, "त्याला मी काय सांगू, आधी आंधळे होऊन या?"

मी मनात म्हटलं, शाब्बास गं माझी बाय. तो गेला.

पहिला थेरपिस्ट काही जमला नाही. गृहस्थ सज्जन होते, माझ्या ओळखीतली एक बाई त्यांच्याकडे जाते आणि त्यांचे गोडवे गाते. पण याच्याशी सूर लागेना. ते बोलायचे फार. हा मुळात तोंडातून शब्द काढणार चिमट्याने, आणि समोरचा धबधबा! काही वेळा जाऊन हा घरी आला आणि चपला कोपऱ्यात भिरकावून म्हणाला, "थेरपी माझ्यासाठी नाही."

भाचीने त्या चपलांकडे बोट दाखवलं. "एक जोड चावला तर अनवाणी फिरतोस का तू? दुसरा बघतोस ना?"

दुसऱ्या थेरपिस्टबाईंकडे जाण्याआधी मात्र याने फोन केला. माझ्याच घरून, कारण घरी बायकोसमोर लाजत होता आणि माझ्यासमोर लाजायची सोय नाही. पुढच्या महिन्यात क्लास लावायचाय असा माणूस जसं याला विचारतो, तसंच याने विचारायला सुरुवात केली. तुमचं शिक्षण काय? परवाना आहे का? अशा भीतीचं काम आधी केलंय का? फी किती, आणि एखाद्या दिवशी नाही आलो तर? गोळ्या देता का? मी बाजूला बटाटे सोलत कान टवकारलेले. मला वाटलं, आता बाई फोन आपटणार. पण नाही हो, तिने एकेकाचं सरळ उत्तर दिलं. गोळ्या ती देत नाही म्हणाली, लागल्याच तर त्याच्या डॉक्टरांकडे पाठवेल. मग याने विचारलं, "किती दिवसांत बरा होईन?"

फोनमधून आवाज आला, "आत्ता सांगितलं तर ते खोटं होईल. काही वेळा भेटू, मग थांबून बघू कुठे पोचलोय ते. आणि मधेच वाटलं की काही उपयोग होत नाहीये, तर मला तोंडावर सांगा. परस्पर गायब मात्र होऊ नका."

फोन ठेवून हा म्हणाला, "हिचेही शिकाऊ मधेच गायब होतात वाटतं." आणि त्या दिवशी पहिल्यांदा जरा मोकळा हसला.

पहिल्या दिवशी केस कापून आला, इस्त्रीचा शर्ट घातला. "काय रे, पासपोर्टचा फोटो काढायला चाललायस?" मी म्हटलं. लिफ्टमध्ये ओठ हलत होते. काय बोलायचं ते पाठ करत होता, म्हणे. तोंडी परीक्षाच जणू!

पुढचं सगळं त्याने स्वतःहून सांगितलेलं आहे बरं का, आणि तुम्हाला सांगायला त्याची परवानगी आहे. "सांगा," तो म्हणाला, "पण मीठमसाला कमी घाला." कमी घातलाय.

खोली अगदी साधी. सिनेमातल्यासारखा आडवं व्हायचा कोच नाही. दोन खुर्च्या, एक खिडकी, भिंतीवर घड्याळ, कागदी रुमालांचा खोका आणि एक झाड, ज्याची पानं पुसायला झाली होती. खुर्च्या समोरासमोर होत्या. या महाशयांनी आत गेल्या गेल्या काय करावं? आपली खुर्ची उचलली, वळवली, आणि बाईंच्या खुर्चीच्या शेजारी, खिडकीकडे तोंड करून लावली! जन्मभर शेजारी बसूनच माणसांशी बोललाय ना, समोरासमोर बोलायची सवयच नाही. बसल्यावर याच्या लक्षात आलं आणि कानापर्यंत लाल झाला. उठायला लागला.

"असू द्या," थेरपिस्टबाई म्हणाल्या, "असंही बोलता येतं." आणि दोघं शेजारी शेजारी बसून खिडकीबाहेर बघत राहिली.

त्या दिवशी बाईंनी बरंच सांगितलं. इथलं बोलणं इथेच राहतं, फक्त कुणाच्या जिवाला धोका असेल तर गोष्ट वेगळी. नको वाटेल त्या प्रश्नाला नको म्हणायची मुभा आहे. मधे काही दिवस आधीपेक्षा जड जाऊ शकतात, तेव्हा दचकू नका. यातलं याला घरी येईपर्यंत एकच आठवत होतं: झाडाची पानं पुसायला हवीत. इतका धसका घेतला होता.

इथलं बोलणं इथेच, हे खरं की नुसतं बोलण्यापुरतं, याची परीक्षा मी घेतली. घेणारच! मी फोन केला. "नमस्कार, मी त्याची मावशी बोलतेय, म्हणजे मावससासू. पोराचं कसं काय चाललंय?"

"तुम्ही कुणाबद्दल विचारताय, ते माझ्याकडे येतात की नाही, हेसुद्धा मी सांगू शकत नाही," बाई म्हणाल्या. आवाज इतका गोड, की मला वाटलं आता चहालाच बोलावणार.

"अहो, पण त्यानेच तर मला सांगितलं, तुमच्याकडे येतो म्हणून!"

"मग त्यांनाच विचारा ना, मावशी."

मी आपली फोन ठेवून बसले. माझ्याकडून गोष्ट काढून घेणारे पुष्कळ, पण मला काही न सांगणारी ही पहिलीच. बाई पक्की आहे, हे मात्र पटलं.

पण काम काही पुढे सरकेना. हा दर वेळी जाऊन आला की माझ्याकडे कुरकुर करायचा. "ती काही सांगतच नाही हो! मी विचारलं, काय करू? तर मलाच विचारते, तुम्हाला काय वाटतं? अहो, मला वाटलं असतं तर मी इथे आलो असतो का?"

"म्हणजे बघ," मी म्हटलं, "शिकाऊच्या हातात जसं तू स्टिअरिंग..."

"मावशी! गाडीचं उदाहरण देऊ नका. बायको देते, मालक देतो, परवा तर त्या बाईंनीही दिलं, आणि क्लचच्या जागी ब्रेक म्हणाल्या. मग मी त्यांना क्लच समजावत बसलो. समजावून होईपर्यंत वेळ संपला."

"म्हणजे फी तू दिलीस आणि शिकल्या त्या?"

"हो ना!" आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो.

पण एक गोष्ट बाईंनी हेरली होती. बोलता बोलता याचा उजवा पाय सतरंजीवर दाबला जायचा. ब्रेक! विषय जरा अवघड वळणाकडे गेला की दाबलाच पाय. याला पत्ताच नाही. बाईंनी एकदा हळूच म्हटलं, "आत्ता पाय दाबला गेला. मी काय विचारलं होतं?" विचारलं होतं, तुम्हाला सोन्याचा पाय म्हणतात तेव्हा कसं वाटतं.

इतके दिवस तो बाईंना तीच गोष्ट सांगत होता जी मालक सगळ्यांना सांगतो. वेळेत ब्रेक दाबला, काही झालं नाही. अहो, डॉक्टरकडे जाऊन दुखतंय डाव्या कुशीत आणि दाखवायची उजवी, तर तो बिचारा काय करणार? आणि इकडे परवान्याच्या परीक्षेची तारीख जवळ येत चाललेली.

त्या दिवशी तो खिडकीकडे बघत बघत बोलून गेला, "मी पाहिलंच नव्हतं."

पाहिलंच नव्हतं. शिकाऊ गाडी मागे घेत होता तेव्हा हा रस्त्यापलीकडच्या दुकानात मांडलेल्या उशा बघत होता. घरची उशी चपटी झाली होती, नवी घ्यावी का, हा विचार. ना बाळ दिसलं, ना आई. पाय आपला आपण पडला. का पडला, याला आजही माहीत नाही. खाली उतरून बघतो तर हे असं. लोक पाठ थोपटतायत, आई हात धरून आभार मानतेय, मालक नाव ठेवतोय सोन्याचा पाय. आणि याच्या मनात एकच: पाय पडला नसता तर? आपण उशा बघत राहिलो असतो. हे कुणालाच सांगितलं नाही. जितकी स्तुती वाढत गेली तितकं तोंड शिवलं गेलं.

तुम्हाला वाटेल, सांगितलं ना एकदाचं, आता मोकळा झाला. मलाही तसंच वाटलं होतं. कसचं काय! पुढचे काही दिवस घरात नुसती अवकळा. झोप नाही. बायकोच्या साध्या बोलण्यावर खेकसायचा. एकदा भांडी घासता घासता नळ सोडून तसाच रडत उभा राहिला. भाची धावत माझ्याकडे आली. "मावशी, हे तर उलटंच झालं गं. आधी निदान झोपायचा तरी!"

"बंद करून टाक म्हणावं," मी म्हटलं. "बरी गाय कशाला लंगडी करायची?"

तोही तेच म्हणत होता. आता जाणार नाही. पण भाची माझ्यासारखी उथळ नाही. ती म्हणाली, "जाऊ नकोस. पण गायब व्हायचं नाही असं कबूल केलं होतंस ना? मग जा आणि तोंडावर सांग, की येणार नाही म्हणून."

तो गेला तो भांडायलाच. खुर्ची पहिल्यांदा समोरासमोर ठेवून बसला. भांडायला समोरच बसावं लागतं ना! म्हणाला, "तुमच्याकडे आल्यापासून मी बिघडलो. मला तुमचा राग आलाय."

बाई म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत."

याच्या तर पायाखालची वाळूच सरकली. हा भांडणाच्या पूर्ण तयारीने गेलेला, आणि समोर भांडायला कुणी नाही. मग बाई म्हणाल्या, "असं होऊ शकतं हे मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. पण पहिल्या दिवशी कोण काय ऐकतं? ते मी परत सांगायला हवं होतं. आपण जरा सावकाश जाऊ या का?"

सावकाश जायचं ठरलं. तिथून आलं की त्या संध्याकाळी काही काम काढायचं नाही. भाचीबरोबर फिरायला जायचं आणि भाचीने काय झालं, काय बोललास, असं काही विचारायचं नाही. भाचीला जमलं. मला जमलं नसतं.

मग एके दिवशी त्याने बाईंना विचारलं, "मी पाहिलं नाही, हे खरं. पण पाय तर माझाच होता ना?"

बाई गप्प.

"अहो, निदान हो तरी म्हणा!"

बाईंनी हसून नुसती मान तिरकी केली. हा चिडला, आणि मग स्वतःच म्हणाला, "दोन्ही खरं आहे. मी चुकलो, हेही. आणि इतकी वर्षं तो पाय मी तिथे ठेवायला शिकलो, हेही." हे त्याने मला सांगितलं तेव्हा मी लसूण सोलत होते, त्यामुळे माझ्या डोळ्यांचं कारण विचारायची गरज कुणाला पडली नाही.

त्यानंतर गाडीची पाळी आली. बाईंनी आणि त्याने मिळून ठरवलं, की रोज थोडं थोडं करायचं. आधी नुसतं चालकाच्या सीटवर बसायचं, गाडी बंद. धडधड वाढेल, वाढू द्यायची, उतरायचं नाही. ती आपली आपण उतरेपर्यंत बसून राहायचं. शेजारी कुणी तरी हवं, पण शांत माणूस.

"मग मावशी नको," हा लगेच म्हणाला.

पण दुपारी भाची दुकानात, आणि गाडी कुणाची? माझी! मी म्हटलं, मी शांत बसेन. दोघंही इतकी हसली, की मला अपमान वाटला. मी लिमलेटच्या गोळ्यांचा पुडा आणला. गाडीत बसलं की गोळी तोंडात, आणि गोळी विरघळेपर्यंत एक शब्द नाही. विचारा त्याला! आधी बंद गाडीत. मग इंजिन चालू करून. मग फाटकापर्यंत. मग कोपऱ्यापर्यंत. त्याचा घाम, माझी गोळी. कधी कधी मागेही जायचो, म्हणजे काल कोपरा गाठला आणि आज फाटकच जमलं नाही. त्या दिवशी तो उदास व्हायचा. मी गोळी गालात सरकवून नुसता त्याच्या हातावर हात ठेवायचे.

एकदा कोपऱ्यापलीकडे गेलो आणि समोरून फुटपाथवर एक बाळाची गाडी येत होती. ढकलणारे आजोबा. ते फुटपाथवर, आम्ही रस्त्यावर, काही संबंध नाही. पण याने गाडी थांबवली. मागून एकाने हॉर्न वाजवला, मग दुसऱ्याने. माझ्या जिभेवर त्या हॉर्नवाल्याच्या सात पिढ्या आल्या होत्या, पण मी गोळी चावली नाही. आजोबा हळूहळू आमच्या बाजूने गेले. आत बाळ जागं होतं, आपल्याच पायाचा अंगठा धरायच्या खटपटीत. याने ते बाळ शेवटपर्यंत पाहिलं. मान वळवून पाहिलं, मग आरशात पाहिलं, दिसेनासं होईपर्यंत. मग गिअर टाकला आणि गाडी पुढे काढली. माझी गोळी केव्हाच विरघळली होती. तरी मी बोलले नाही.

दुसऱ्याच दिवशी त्याने मालकाला गाठलं. सगळं नाही सांगितलं, सगळं सांगायलाच हवं असं थोडंच आहे? एवढंच म्हणाला, "मला सोन्याचा पाय म्हणू नका. त्रास होतो मला." मालक गोंधळला. "अरे, मला वाटलं तुला आवडतं!" म्हणाला. "मग काय म्हणू?" "नावाने हाक मारा." मालकाला नाव आठवायला थोडा वेळ लागला, पण आठवलं.

परीक्षेला माझीच गाडी नेली, हाताला सवयीची झाली होती म्हणून. मी आणि भाची बाहेर बाकावर. तपासणीस जाडजूड, मिशीवाला, सकाळपासून लोकांना नापास करून कंटाळलेला दिसत होता. शेजारी बसला. हा पट्टा लावून आरसा सारखा करत बसला. काचा उघड्याच होत्या, सगळं ऐकू येत होतं.

"काय, आज निघायचा विचार आहे ना?" मिशीवाल्याने विचारलं.

"एक मिनिट द्या," हा म्हणाला. भाचीने माझा हात इतका घट्ट धरला, की बांगडी रुतली. मग किल्ली फिरली, आणि गाडी गेली.

पुष्कळ वेळाने परत आली. शेवटी गाडी मागे घेऊन खांबांच्या मधे लावून दाखवायची होती. याने मान पूर्ण मागे वळवली, हळूहळू गाडी घेतली, आणि मधेच थांबला.

"का थांबलात?" मिशीवाला म्हणाला. "मागे काही नाही."

"तो कोपरा मला दिसत नव्हता, म्हणून थांबलो." दार उघडून, उतरून, मागे जाऊन बघून आला. काही नव्हतं. पुन्हा बसला आणि गाडी नीट खांबांच्या मधे लावली.

मिशीवाल्याने उतरताना कागदावर सही केली आणि म्हणाला, "असं उतरून बघणारा क्वचितच भेटतो." हे हसून म्हणाला की कंटाळून, ते मला मिशीमुळे दिसलं नाही. पण पास केलं!

परत येताना तोच चालवत होता. भाची पुढे, मी मागे. आज गोळी नव्हती आणि मला कुणी अडवणार नव्हतं.

"चला, सुटलो!" मी म्हटलं. "आता त्या थेरपिस्टबाईंना रामराम ना?"

"इतक्यात नाही. अजून हायवे बाकी आहे. आणि बंद करायचं ते त्यांच्याशी बोलून, हळूहळू करायचं ठरलंय."

"पास झालास तरी?"

"परीक्षा गाडीची होती, मावशी. पाण्याच्या टाकीपाशी डावीकडे घेतो हं."

"डावीकडून? वेडा आहेस का! उजवीकडून घे, बाजाराच्या मागून. मी या भागात केस पांढरे केलेत."

"उजवीकडे या वेळेला माल उतरवायचे ट्रक असतात."

"असू देत. उजवा रस्ता जवळचा आहे."

"डावा सरळ आहे."

"मी सांगतेय ना! गाडी माझी आहे!"

भाची खिडकीबाहेर बघत खुदुखुदु हसत होती. याने शांतपणे आरशात पाहिलं, बाजूचा दिवा लावला, गाडी कडेला घेतली, थांबवली, इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि मागे वळून ती माझ्यासमोर धरली.

"घ्या. उजवीकडून न्या."

मी किल्लीकडे पाहिलं. त्याच्याकडे पाहिलं. भाचीकडे पाहिलं, तर ती रुमाल तोंडात कोंबून बसलेली.

"डावीकडून चल, बाबा," मी म्हटलं.